अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल: पोटात, दातावर, पिठात आणि फ्रीजमध्ये. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळी आइस्क्रीम, काळा पिझ्झा, काळं लिंबू सरबत, काळी टूथपेस्ट, काळा फेसपॅक. सगळ्यांत एकच भुकटी आणि सगळ्यांवर साधारण एकच दावा: शरीरातली ‘घाण’ ओढून काढते. खालची उत्तरं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. हा कोळसा निवड करत नाही. चिकटण्याजोगं जे पहिल्यांदा भेटेल ते तो धरतो, मग ते विष असो, औषध असो की व्हॅनिलाचा वास.

चुलीतल्या कोळशात आणि यात फरक काय?

भोकांचा. नारळाची करवंटी (किंवा लाकूड, बांबू, पीट म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती) हवा जवळजवळ बंद ठेवून ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजली की साधा कोळसा तयार होतो. त्याच्या आतल्या वाटा डांबरासारख्या चिकट पदार्थांनी बुजलेल्या असतात. ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ म्हणजे यापुढचा टप्पा. हाच कोळसा ८०० ते १,१०० अंशांवर नेऊन त्यातून पाण्याची वाफ सोडतात. वाफ कार्बनला आतून कुरतडत जाते, बुजलेल्या वाटा मोकळ्या होतात आणि नव्या पडतात. दुसरी पद्धत रासायनिक आहे. लाकडाचा भुसा फॉस्फोरिक आम्लात भिजवून त्यामानाने कमी तापमानाला भाजायचा आणि मग आम्ल धुऊन काढायचं.

एवढं केल्यावर १ ग्रॅम भुकटीचं आतलं क्षेत्रफळ ५०० ते १,५०० चौरस मीटर भरतं. मधला आकडा १,००० धरला तर जवळपास दहा गुंठे जमीन, आणि ती अर्ध्या चमचाभर काळ्या पुडीत दुमडलेली.

राख ही तिसरीच वस्तू. कोळशातला कार्बन जळून गेल्यावर उरलेले खनिज क्षार म्हणजे राख. ‘कोकोनट अ‍ॅश’ नावाने जे आइस्क्रीम विकतात त्यात राख नसते, करवंटीचा चारकोल असतो.

घरच्या घरी बनवता येईल का?

खाण्यासाठी, नाही. घरच्या भट्टीत तापमानावर ताबा राहत नाही आणि अर्धवट जळलेल्या लाकडातली पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स (त्यांतली काही कर्करोगकारक आहेत) आत तशीच राहतात. बार्बेक्यूच्या ठोकळ्यांत तर कोळशाबरोबर बांधणीसाठी इतर पदार्थही घातलेले असतात. ते कुटून पिठात घालण्याचे व्हिडिओ फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नका.

हा नक्की ‘शोषतो’ म्हणजे काय करतो?

स्पंज पाणी शोषतो तेव्हा पाणी स्पंजाच्या आत भरतं. चारकोल रेणू आपल्या पृष्ठभागावर चिकटवून धरतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. बंध सैल असतात आणि जागा मर्यादित असते. मोठे, सेंद्रिय, पाण्यात फारसे न रमणारे रेणू चांगले चिकटतात. लहान आणि विद्युतभारित कण, म्हणजे मीठ, लोह, लिथियम, पोटॅशियम, जवळजवळ चिकटतच नाहीत.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर दोन ग्लासांत प्रत्येकी १०० मिली पाणी घ्या आणि दोन्हींत खाण्याच्या निळ्या रंगाचे दोन-दोन थेंब टाका. एकात सपाट चमचाभर (साधारण २ ग्रॅम) अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, दुसऱ्यात तेवढाच कुटलेला साधा कोळसा. दहा मिनिटं अधूनमधून ढवळा आणि कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. कागद दुहेरी घ्या, एकेरीतून बारीक भुकटी निसटते. पहिल्या ग्लासातलं पाणी जवळपास रंगहीन उतरतं, दुसऱ्यातलं निळं ते निळंच. आता पहिलाच प्रयोग पुन्हा करा, पण रंगाच्या पाण्यात टाकायच्या आधी चारकोल गोड कॉफीत दहा मिनिटं ढवळून गाळून घ्या. जागा आधीच भरल्यामुळे निळा रंग बराचसा पाण्यातच राहतो. कॅफेतल्या ‘चारकोल लाटे’ या दूध-कॉफीच्या पेयाचं नेमकं हेच होतं. कपात असतानाच तो दुधाने आणि कॉफीने भरून गेलेला असतो.

मग रोज घेतल्याने शरीर ‘डिटॉक्स’ होतं की नाही?

नाही. कारण साधं आहे: चारकोल आतड्यातून रक्तात जातच नाही. तोंडातून शिरतो, अन्ननलिका, जठर, आतडी असा प्रवास करतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. यकृत, मूत्रपिंड, त्वचा, चरबी यांच्याशी त्याची गाठ पडत नाही. शरीरात रोज तयार होणारी युरियासारखी टाकाऊ द्रव्यं रक्तातून मूत्रपिंडं गाळतात, आणि औषधं, दारू, अमोनिया यांचा निचरा यकृत करतं. ‘विषारी द्रव्यं काढतो’ असं पाकिटावर लिहिलेलं दिसलं तर कोणतं द्रव्य, किती आणि कुठून काढतो, हे विचारून बघा. उत्तर सहसा मिळत नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. काही औषधं आणि काही टाकाऊ द्रव्यं रक्तातून किंवा पित्तातून पुन्हा आतड्यात येतात. ती तिथे अडवता येतात. याच कल्पनेवर जपानमध्ये मूत्रपिंडाच्या जुनाट आजारासाठी गोलाकार कणांचा एक खास कार्बन १९९१ पासून औषध म्हणून वापरात आहे. पुढे अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचण्यांत मात्र त्याने आजाराची वाटचाल रोखल्याचं दिसलं नाही. औषध म्हणून तयार केलेल्या, मोजून दिलेल्या, रोज कित्येक ग्रॅम घेतलेल्या कार्बनची ही कथा. सरबतातल्या अर्ध्या चमच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरवा.

पण विषबाधेत दवाखान्यात हाच देतात ना?

देतात, आणि तिथे तो खरोखर कामाचा आहे. १८३१ साली तुएरी नावाच्या फ्रेंच औषधनिर्मात्याने पॅरिसमध्ये डॉक्टरांसमोर कुचल्यातलं स्ट्रिकनिन हे जहाल विष चारकोलबरोबर गिळून दाखवलं आणि तो जिवंत राहिला, अशी या औषधाची प्रसिद्ध कहाणी आहे. आजच्या वापराचं गणित त्यामानाने रुक्ष आहे.

मोठ्या माणसाला एकदाच २५ ते १०० ग्रॅम, बहुधा ५० ग्रॅम. लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम. भुकटी पाण्यात कालवून पातळ काळी लापशी करतात आणि ती प्यायला देतात किंवा नळीने पोटात सोडतात. विष पोटात गेल्यापासून तासाभरात दिला तर उपयोगाची शक्यता सर्वाधिक. त्यानंतर विष पुढे सरकलेलं असतं, रक्तात मिसळलेलं असतं. ढोबळ प्रमाण दहास एक: १ ग्रॅम औषध अडवायला १० ग्रॅम चारकोल. बाजारातल्या एका प्रकारच्या पाचक गोळीत चारकोल साधारण ७५ मिलिग्रॅम असतो. ५० ग्रॅमची मात्रा भरायला तशा साडेसहाशेहून जास्त गोळ्या लागतील.

तरीही तो सरसकट दिला जात नाही. श्रीलंकेत ४,६३२ विषबाधित रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (२००८ साली प्रसिद्ध) चारकोलच्या एका किंवा अनेक मात्रा दिल्याने मृत्यूंचं प्रमाण कमी झालं नाही. त्यांतल्या बऱ्याच रुग्णांच्या पोटात कीटकनाशकं किंवा पिवळ्या कण्हेरीच्या बिया गेल्या होत्या, आणि अनेक जण दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ उलटून गेली होती.

कशावर तो चालत नाही?

दारू, मिथेनॉल, लोहाच्या गोळ्या, लिथियम, अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा, रॉकेल, पेट्रोल. अ‍ॅसिड किंवा रॉकेल प्यायलेल्याला चारकोल देणं उलट घातक ठरतं. उलटी होऊन रॉकेल फुप्फुसात उतरू शकतं, आणि अ‍ॅसिडने भाजलेली अन्ननलिका दुर्बिणीतून पाहायला गेलेल्या डॉक्टरला नुसता काळोख दिसतो. फवारणी करताना त्वचेतून आणि श्वासातून शिरलेल्या कीटकनाशकाला तो अडवू शकत नाही. सापाच्या आणि विंचवाच्या विषालाही नाही.

मग खबरदारी म्हणून घरात डबा ठेवू का?

नको. मुलाने काही गिळलं तर १०८ ला फोन करा, गिळलेल्या वस्तूची बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. घाबरलेलं, रडणारं किंवा गुंगीत असलेलं मूल काळी लापशी नीट गिळत नाही. तिचा घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला होणारी इजा मूळ विषापेक्षा वाईट ठरू शकते. दवाखान्यातही रुग्णाची शुद्ध आणि श्वासाची वाट सुरक्षित आहे हे पाहिल्याशिवाय तो देत नाहीत. मीठ-पाणी पाजून उलटी करवणं हाही जुना घातक उपाय, तोही टाळा.

पोटातल्या गॅसवर उपयोग होतो का?

थोडाफार, आणि मात्रा पुरेशी असेल तर. युरोपीय संघाने चारकोलबद्दल एकाच आरोग्यदाव्याला मान्यता दिली आहे: जेवणानंतरचा अतिरेकी वायू कमी करण्यास मदत. त्यालाही अट आहे, जेवणाआधी किमान अर्धा तास १ ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच १ ग्रॅम. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये याच कारणासाठी चारकोलची बिस्किटं विकली जात, म्हणजे ‘नवा ट्रेंड’ म्हणायला फारसं काही उरत नाही.

आपल्याकडच्या पाचक गोळ्यांत चारकोलबरोबर डायस्टेस आणि पपेन ही पाचक द्रव्यंही असतात. गोळीने बरं वाटलं तर श्रेय नेमकं कोणाचं हे सांगता येत नाही. वाटाणा-हरभऱ्याच्या उसळीने होणारा वायू असेल तर कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, मोड आणा, हिंग घाला. चारकोलपेक्षा हे जास्त भरवशाचं. पोट रोजच फुगत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल तर गोळ्या चघळत बसू नका, तपासून घ्या.

जुलाब लागले तर?

ओआरएस, लहान मुलांना शिवाय डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. चारकोल नाही.

पार्टीनंतरचा हँगओव्हर?

दारूचा रेणू लहान आहे आणि पाण्यात सहज मिसळतो. चारकोलला तो नीट धरता येत नाही. शिवाय डोकं दुखायला लागतं तोवर दारू कधीच रक्तात पोचलेली असते. पाणी, झोप आणि पोटाला झेपेल असा मऊ भात. डोकेदुखीची गोळी घेणार असाल तर तिच्याबरोबर चारकोल मुळीच नको, तो गोळीच पकडून ठेवील.

मी रोज औषधं घेतो. काळं सरबत प्यायलं तर काही होईल?

याच प्रश्नाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून जरा सविस्तर.

चारकोलला औषध आणि विष यांतला फरक कळत नाही. थायरॉइडची गोळी, फिट्सची औषधं, हृदयाचं डिगॉक्सिन, नैराश्यावरची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, साधं पॅरासिटामॉल, हे सगळं तो कमी-अधिक प्रमाणात अडवतो. औषध वाया गेलं हे तेव्हा जाणवत नाही, आणि म्हणूनच धोका आहे. फिट्सच्या औषधाची रक्तातली पातळी घसरलेली कळते ती फिट आल्यावर. गर्भनिरोधक गोळी फसल्याचं कळायला महिना लागतो.

‘दोन तासांचं अंतर ठेवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. बऱ्याच औषधांना तो ढोबळमानाने चालतो, सगळ्यांना नाही. कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटाल, थिओफायलिन, डॅप्सोन यांसारखी औषधं रक्तात गेल्यावरही आतड्यातला चारकोल त्यांना परत ओढू शकतो. विषबाधेत डॉक्टर याचाच फायदा घेऊन चारकोलच्या मात्रा पुन्हा पुन्हा देतात. ज्याला ती औषधं रोज हवी आहेत त्याचं मात्र नुकसान. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि वर ‘डिटॉक्स वॉटर’, ही जोडी तर हमखास औषध फुकट घालवणारी. नियमित औषध चालू असेल तर काळ्या पेयाच्या वाटेला न गेलेलं बरं. चुकून घेतलंच तर पुढचा डोस स्वतःच्या मनाने दुप्पट करू नका, डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा.

शौचाला काळं झालं. घाबरू का?

चारकोल खाल्ल्यावर एक-दोन दिवस काळं होणारच. लोहाच्या गोळ्यांनीही होतं. काळजी करायची ती डांबरासारख्या चिकट, चकचकीत आणि विलक्षण घाण वास असलेल्या काळ्या शौचाची. ते जठरातून होणाऱ्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. चारकोल थांबवून दोन-तीन दिवसांनीही रंग तसाच राहिला, किंवा सोबत चक्कर, अशक्तपणा, पोटदुखी असेल तर लगेच दाखवा. तपासताना चारकोल खाल्ल्याचं सांगा, आणि एंडोस्कोपी-कोलोनोस्कोपी ठरली असेल तर आधीच सांगा.

दुसरा नेहमीचा त्रास बद्धकोष्ठाचा. पाणी कमी पिणारे, वयस्कर, आणि आतड्याची हालचाल मंदावणारी औषधं घेणारे यांना तो लवकर होतो. वारंवार मोठ्या मात्रा दिलेल्या रुग्णांत आतडं तुंबल्याच्या घटनाही वैद्यकीय साहित्यात आहेत.

गरोदरपणात कोळसा खावासा वाटतो. मग हा ‘शुद्ध’ कोळसा चालेल का?

माती, खापरी, भाजलेल्या मडक्याचे तुकडे, कच्चे तांदूळ, राख, कोळसा खावासा वाटणं याला पिका म्हणतात. गरोदर बायकांत आणि वाढत्या वयाच्या मुलींत त्यामागे बरेचदा लोहाची कमतरता असते. ‘डोहाळे आहेत’ म्हणून सोडून देण्याआधी हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. लोह भरून आलं की ही ओढ बहुधा ओसरते. कोळसा शुद्ध आहे की अशुद्ध, हा इथे दुय्यम प्रश्न.

चारकोल टूथपेस्टने दात पांढरे होतात का?

चहा, तंबाखू, पान यांचे वरवरचे डाग घासले जातात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत फरक दिसतो. दाताचा मूळचा रंग त्याने बदलत नाही. तो रंग इनॅमलच्या खालच्या पिवळसर डेंटिनचा असतो आणि तो उजळायला पेरॉक्साइडचं ब्लीचिंग लागतं. चारकोल ब्लीच करत नाही. २०१७ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात चारकोल दंतमंजनांच्या सुरक्षिततेला आणि परिणामाला पुरेसा पुरावा सापडला नाही.

गडबड सुरू होते ती रोज सुकी भुकटी ब्रशवर घेऊन जोर लावण्याने. इनॅमल जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर जाड, आणि घासलं गेलं की पुन्हा येत नाही. इनॅमल पातळ झालं की खालचं डेंटिन जास्त डोकावतं, म्हणजे पांढरे करायला निघालेले दात आणखी पिवळे दिसू लागतात. त्यात गार पाण्याची ठणक. फिलिंगच्या आणि कॅपच्या कडेला काळी रेघ बसते ती वेगळीच, ब्रशने निघत नाही. शिवाय अशा बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, आणि दात किडण्यापासून वाचवणारा खरा घटक तोच. वापरायचीच असेल तर फ्लोराइड असलेली पेस्ट बघा, मऊ ब्रश आणि हलका हात.

आजी कोळशानेच दात घासायची, तिचे दात तर शाबूत होते.

आजीच्या काळी साखर किती खाल्ली जायची तेही धरा. आणि घरात ‘काळं मंजन’ म्हणून जे होतं ते नक्की काय होतं ते एकदा विचारा. राखुंडी म्हणजे राख किंवा कोळशाची पूड. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू. दिसायला दोन्ही सारख्याच. मशेरीत निकोटिन असतं, तिची सवय लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गावाकडे कित्येक बायका ती दिवसातून चार-पाचदा लावतात आणि स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजतही नाहीत. चारकोल पेस्टवरच्या चर्चेपेक्षा मशेरी सोडवण्याचं काम कितीतरी मोठं आहे.

कॅफेत काळे पदार्थ विकणं कायदेशीर आहे का?

देशागणिक उत्तर बदलतं. युरोपीय संघात वनस्पतिजन्य कार्बन ई१५३ या क्रमांकाने खाद्यरंग म्हणून मान्य आहे, पण ठरावीक पदार्थांतच. पावात रंग घालायला तिथे परवानगी नाही, म्हणून इटलीत काळ्या पावाची लाट आली तेव्हा आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट करावं लागलं की चारकोल घातलेला पदार्थ ‘पाव’ म्हणून विकता येणार नाही. अमेरिकेत तो खाद्यरंग म्हणून मान्य नाही. त्याच आधारावर न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २०१८ मध्ये हॉटेलांतल्या चारकोलवर बडगा उगारला, आणि तोवर इन्स्टाग्रामवर गाजलेलं तिथल्या मॉर्गनस्टर्न्स या दुकानाचं काळं आइस्क्रीमही त्यात सापडलं. जपानमध्ये बांबूचा कोळसा घातलेला काळा बर्गर याआधीच साखळी दुकानांतून विकला गेला होता.

भारतात खाण्यासाठी मान्य असलेल्या आठ कृत्रिम रंगांत लाल, पिवळे, निळे आणि हिरवा आहेत, काळा नाही. कोणत्या पदार्थात कोणता घटक चालतो हे एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) पदार्थवार यादीवर ठरतं. विक्रीसाठी बनवत असाल तर आधी अन्न व औषध प्रशासनाकडून लेखी खात्री करून घ्या, आणि मेनूवर चारकोलचं नाव ठळक लिहा. औषधं घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कळायलाच हवं. ‘डिटॉक्स’ हा शब्द मात्र मेनूवर नको.

साखर आणि खाद्यतेलाच्या शुद्धीकरणात हाच कार्बन वापरून नंतर गाळून काढतात. तो वापर वेगळा, तिथे तो ताटात येत नाही.

घरी एकदा हौस म्हणून काळे बन करायचे आहेत. किती घालू? करडेच होतात.

घरात कोणी नियमित औषधं घेत नसेल तर एखाद्या वेळेला करायला हरकत नाही. खाण्याच्या दर्जाची भुकटी मैद्याच्या वजनाच्या १ ते २ टक्के घ्या. २५० ग्रॅम मैद्याला ४ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चमचे. करडा रंग येतो तो मात्रा कमी पडल्याने किंवा लोणी-दूध जास्त झाल्याने. वरून कोरडा मैदा भुरभुरला तरी वरचा थर राखाडी दिसतो, लाटताना मैद्याऐवजी तेलाचा हात वापरा.

भुकटी थेट पिठात टाकली तर गाठी राहतात आणि कापल्यावर संगमरवरी रेषा दिसतात. आधी रेसिपीतल्याच तेलात किंवा पाण्यात गुळगुळीत कालवा, मग पिठात घाला. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पीठ घट्ट वाटलं तर एखादा मोठा चमचा पाणी वाढवा. व्हॅनिला, संत्र्याचा अर्क, गुलाबपाणी यांचा वास ती गिळून टाकते. लसूण, काळी मिरी, तीळ, चीज असे ठसठशीत स्वाद टिकतात.

सगळ्यांत मोठी फजिती ओव्हनमध्ये होते. बन खरपूस झाला की करपला, रंगावरून कळायला मार्ग नाही. बन उलटा करून तळावर टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९३ ते ९६ अंश.

नुसता काळा रंगच हवा असेल तर याहून चवदार वाटा आहेत: भाजलेल्या काळ्या तिळाची पेस्ट, कारळ्याची पूड, डार्क कोको, मणिपूरचा काळा तांदूळ. कारळ्याचा खमंगपणा काळ्या बनात जितका जमतो तितका चारकोलला सात जन्मांत जमणार नाही.

भाजीला किंवा बिर्याणीला कोळशाचा धुंगार देतात, ते हेच का?

नाही. तिथे पेटता साधा कोळसा वाटीत ठेवून त्यावर तूप सोडतात आणि झाकण घालून धूर कोंडतात. चव धुराची असते, कोळसा पोटात जात नाही. त्यासाठी लाकडी कोळसा घ्या, बार्बेक्यूचे ठोकळे नकोत.

चारकोल फेसपॅक आणि नाकाच्या काळ्या पट्ट्या?

धुऊन टाकायचा पॅक निरुपद्रवी. चेहऱ्यावरचं तेल उतरतं, पण त्यात मुलतानी मातीपेक्षा वेगळं काही नाही. सोलून काढायच्या मास्कबद्दल सावध राहा. ओढून काढतो तो त्यातला गोंद, आणि तो बारीक केस व त्वचेचा वरचा थरही सोबत नेतो. रेटिनॉइड (मुरुमांवर किंवा सुरकुत्यांवर लावायचं औषध) लावणाऱ्यांनी तो टाळाच.

पाण्याच्या फिल्टरमधला कार्बन म्हणजे हाच का? तो काय काढतो?

हाच, दाणेदार किंवा दाबून वडी केलेला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, वास, रंग आणि बरीच सेंद्रिय द्रव्यं तो चांगली काढतो. क्षार, जडपणा, नायट्रेट तो काढत नाही. विदर्भात चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास आहे, त्याच्यासाठी नुसता कार्बन फिल्टर बसवून समाधान मानू नका. जंतूही तो मारत नाही. उलट क्लोरीन निघून गेल्यामुळे जुन्या कार्ट्रिजमध्ये जंतूंची वाढ होते. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. घर महिनाभर बंद असेल तर परतल्यावर पहिलं पाणी वाहू द्या. नव्या कार्ट्रिजमधून सुरुवातीला काळसर पाणी येतं ती बारीक पूड असते, स्वच्छ येईपर्यंत सोडून द्या.

फ्रीजमधली चारकोलची पिशवी उन्हात ठेवली की पुन्हा नवी होते म्हणतात.

अर्धी. उन्हात ओलावा आणि हलके वास निघून जातात, म्हणून काही काळ फरक जाणवतो. भोकांत घट्ट बसलेले रेणू सोडवायला कारखान्यातली भट्टी लागते, कित्येक शे अंशांची. वास पुन्हा येऊ लागला की दाणे कुंडीच्या मातीत मिसळा आणि नवे आणा. सुकट किंवा बोंबील मात्र आधी हवाबंद डब्यात घाला, त्यांच्या वासापुढे १०० ग्रॅमची पिशवी फार दिवस तग धरत नाही.

विकत घेताना पाकिटावर काय पाहू?

खाण्यासाठी असेल तर ‘फूड ग्रेड’ किंवा औषधी मानकाचा उल्लेख, कच्चा माल (करवंटी, लाकूड, बांबू), बॅच क्रमांक, आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक. जड धातूंचा तपासणी अहवाल मागितल्यावर जो विक्रेता देतो तो बरा. मत्स्यालयाचा, फिल्टरचा किंवा चित्रकलेचा चारकोल कितीही काळा आणि बारीक असला तरी खायचा नाही. डबा घट्ट बंद ठेवा. उघड्या डब्यातला चारकोल स्वयंपाकघरातली दमट हवा आणि फोडणीचे वास धरत राहतो आणि हळूहळू कामातून जातो.

ओट्यावर सांडला. कसा साफ करू?

पंखा आधी बंद करा आणि फुंकर मारू नका. कोरडा फडका फिरवला तर पूड ओट्याच्या सांध्यांत शिरते. वरून पाणी शिंपडून ओल्या कागदाने एकाच दिशेने टिपून घ्या, मग भांड्याच्या साबणाने पुसा. फरशीच्या पांढऱ्या सिमेंटच्या रेषांत गेलेली पूड जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या फेसाने निघते, पण त्याच दिवशी. कपड्यावर पडली असेल तर आधी झटका, मगच भिजवा. ब्लीचचा उपयोग नाही, कार्बनला ब्लीच काही करत नाही.